सिल्व्हर म्हणजे चांदी

सासरच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच बाई. त्याचं कौतुक सगळ्यांत जास्त सासूबाईंना. लोणी भापकर गावातल्या घरी कुणी पाहुणा टेकला, की त्या मला आतून हाक मारायच्या आणि खताच्या पिशवीवरचं नाहीतर औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचून दाखवायला लावायच्या. मी वाचायचे, पाहुणा मान डोलवायचा. अर्थ कुणी विचारायचं नाही, त्यामुळे निभावून जायचं.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. कॅनॉलचं पाणी, डाळिंबाची बाग, आणि मुलींनी शिकावं असं मनापासून वाटणारे वडील. इंदापुरात राहून मी मराठीतून बी.ए. झाले. इंग्रजीचा पेपर दरवर्षी सुटला. शब्द पुष्कळ पाठ होते, पण ते शब्द रोज बोलणाऱ्या माणसांत मी कधी बसले नव्हते.

सासर धनगराचं. सासरे होते तोवर मेंढरं होती. ते गेल्यावर विकली. थोडी जिरायत जमीन राहिली, ती सासूबाई आणि धाकटे दीर बघायचे. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे, आमच्यात तशीच रीत. माझा नवरा बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर लागला होता, म्हणून आम्ही दोघं बारामतीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. बाहेरगावचे साहेब, नवीन कॉलन्या, नवीन दुकानं असं काय काय गावात यायला लागलं होतं.

कारखान्याचे मोठे साहेब मुंबईकडचे होते. त्यांची बायको नगरची, ख्रिस्ती. तिला सगळे मॅडम म्हणायचे. कापलेले केस, इस्त्रीची साडी, पण बोलणं आपल्यासारखंच, मराठी. दर नाताळला त्या बंगल्यात झाड सजवायच्या आणि सुपरवायझरच्या वरच्या माणसांच्या बायकांना सजावटीला बोलवायच्या. त्या वर्षी माझ्या नवऱ्याला बढती मिळाली आणि मलाही बोलावणं आलं.

निरोप घेऊन शेजारीण आली. तिचा नवरा त्याच कारखान्यात अकाउंटला होता. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, यंदा मॅडमनी थीम ठेवलीय, सिल्व्हर. रविवारी दुपारी प्रत्येकीनं सिल्व्हरचं काहीतरी घेऊन यायचं, झाडाला लावायला.

थीम म्हणजे नेमकं काय ते मला कळलं नाही. विचारावंसं वाटलं. पण हीच शेजारीण मागे एकदा माझ्याकडून मुलाच्या शाळेचा इंग्रजी दाखला वाचून घेऊन गेली होती. तिला कसं विचारायचं? सिल्व्हर म्हणजे काय ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं. पाचवीपासून ठाऊक होतं. सिल्व्हर म्हणजे चांदी.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बढतीनंतर पहिल्यांदा जातेस, काहीतरी चांगलं ने. माझ्याकडे लग्नातले पैंजण होते आणि एक बारकासा करंडा. तेवढ्यानं काय होणार, असं वाटून शनिवारी आम्ही एसटीनं लोणीला गेलो.

आत्यांना मी जमेल तसं समजावलं. साहेबांच्या बाईचा सण आहे, देवाचं झाड सजवतात, त्याला चांदी लागते. आत्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं.

“कंच्या देवाचं झाड म्हनली?”

“येशूचं.”

“मग देवाचंच हाय की. न्हे. मोरगावला न्हाय का, देवाला दागिनं घालत्यात आन् संध्याकाळी उतरून ठिवत्यात.”

त्यांनी पत्र्याच्या पेटीच्या तळातून जुन्या लुगड्यात बांधलेली चांदी काढली. मेंढरांवर, लोकरीवर जे काही साठलं होतं ते या घरात चांदीतच साठलं होतं. आत्यांच्या सासूचे जाडजूड तोडे, एक साखळी, माझ्या नवऱ्याच्या लहानपणचा करदोडा आणि त्याचेच घुंगरांचे वाळे. सगळं काळं पडलं होतं. आत्यांनी रिठे भिजत घातले, चिंच घेतली आणि दुपारभर अंगणात बसून घासलं. मी हात लावायला गेले तर मला ‘तू ऱ्हाऊ दे’ म्हणाल्या. उजळलेला एकेक दागिना त्या पदरावर ठेवायच्या आणि लांबून बघायच्या. रविवारी सकाळी निघताना त्यांनी ते सगळं माझ्या हातरुमालात बांधून दिलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

बंगल्यात मी शेजारणीबरोबर गेले. हॉलमध्ये खिडकीपाशी सुरूची उंच फांदी ओल्या वाळूच्या डब्यात रोवली होती. डब्याला चंदेरी कागद गुंडाळला होता. जमलेल्या बायका पिशव्या उघडत होत्या. एकीनं थर्माकोलच्या चांदण्यांना चकचकीत कागद डकवून आणला होता. एकीनं चॉकलेटच्या चांद्या वर्षभर जमवून त्यांच्या गोळ्या केल्या होत्या. शेजारणीनं जरीच्या झिरमिळ्या काढल्या. कुणी पुण्याहून आणलेले काचेचे गोळे. सगळं चंदेरी, हलकं आणि कागदी. ते बघितलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि खरं तर कळलंही. रुमाल पिशवीतच ठेवून घरी विसरले म्हणावं, असं ठरवून मी मागे सरकले. पण शेजारीण मोठ्यानं म्हणाली, “यांनी तर गावाकडून खास आणलंय.”

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी गुडघ्यावर रुमाल ठेवून गाठ सोडली.

मग एक जण म्हणाली, “अगं बाई, ही तर खरीच चांदी.” दुसरी हसली. हसता हसता तिनं मला समजावलं की सिल्व्हर म्हणजे सिल्व्हर कलर, अहो, रंग. कुणीतरी सराफकट्टाच उचलून आणला म्हणालं. त्यांचं हसणं काही वाईट नव्हतं. माझ्या जागी दुसरी असती तर मीही हसले असते. पण माझे कान तापले, आणि मलाही हसायचं आहे असं दाखवत मी हसले. ते हसू माझं मलाच ऐकवेना.

मॅडम हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या, वाळे हातात घेतले आणि म्हणाल्या, किती सुंदर आहेत, आमच्या आजीकडे असेच होते. त्यांनी ते झाडाच्या अगदी पुढच्या बाजूला बांधले. करदोडा आणि साखळी फांद्यांवरून सोडली. तोडे कुठल्याच फांदीला पेलेनात, फांदी वाकून तोडे सटकायचे. शेवटी त्यांनी ते दोऱ्यानं बुंध्याला आवळून बांधले. आमच्या झाडावरचं सगळ्यात सुंदर हेच, असं त्या सगळ्यांना म्हणाल्या. त्या हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. लहान मुलानं काढलेलं चित्र भिंतीला लावावं, तसं त्यांनी माझं अज्ञान सगळ्यांसमोर टांगलं, आणि तेही मनापासून, प्रेमानं.

निघताना मी सगळं सोडून घ्यायला पुढे झाले. मॅडम म्हणाल्या, “एकतीस तारखेपर्यंत राहू द्या ना. माझे पाहुणे यायचेत, त्यांना दाखवते.”

मी “हो, राहू द्या की” म्हणाले. आत्यांनी संध्याकाळपर्यंतच दिलंय हे माझ्या तोंडून निघालं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, हसण्याचं सोडून. तो म्हणाला की आता मागायचं नाही. मागितलं तर साहेबांना वाटेल आपला विश्वास नाही. नाताळ होऊ दे.

पण पुढच्या बाजारच्या दिवशी आत्या बारामतीला आल्या. हुलगे विकायला आणले होते. ते विकून त्या आमच्या खोलीवर आल्या, पाणी प्यायल्या आणि चांदी कुठंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, अजून तिथंच आहे, एकतीसला मिळेल.

त्यांना ते समजेना. देवाचे दागिने इतके दिवस कोण अंगावर ठेवतं? रात्री राखण कोण करतं? मी म्हणाले, मोठी माणसं आहेत, बंगल्याला कुलूप असतं. आत्या उठल्या.

“लेकराचं वाळं परक्याच्या घरात टांगून ठिवत्यात व्हय? चल, मला दाव घर.”

मी नाना कारणं सांगितली. त्यांचं बाहेर जाणं असेल, पाहुणे असतील, आधी विचारून जावं लागेल. त्या पायऱ्या उतरूनसुद्धा गेल्या. एकट्या विचारत विचारत गेल्या तर आणखी वाईट, म्हणून मी कुलूप लावून मागे धावले.

नाताळ दोन दिवसांवर आला होता. बंगल्यात खरंच पाहुणे होते, मॅडमचे भाऊ, भावजय, त्यांच्या दोन मुली. साहेबही घरी होते. आतून करंज्या तळल्याचा वास येत होता. आत्यांनी चपला फाटकाबाहेरच काढल्या आणि डोक्यावरचा पदर ओढून घेऊन गुळगुळीत फरशीवर जपून पावलं टाकत आत आल्या. त्यांच्या पायांना बाजारातली धूळ होती, तिचे ठसे फरशीवर उमटले. मी ते ठसे बघत उभी राहिले. मॅडमनी “या या” केलं. मी सासूबाई म्हणून ओळख करून दिली.

आत्या झाडापुढे उभ्या राहिल्या. लाइटची माळ चालू होती. त्यांनी हात जोडले आणि लई ग्वाड दिसतंय म्हणाल्या. मॅडमना बरं वाटलं. त्या पाहुण्यांना सांगायला लागल्या की हीच ती चांदी, यांच्याकडचीच. तेवढ्यात आत्यांनी हात घातला आणि करदोडा उतरवायला सुरुवात केली.

त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीनं विचारण्यासारखं काही नव्हतंच, जिची वस्तू तीच घेत होती. मॅडम जरा थांबून “हो हो, घ्या ना” म्हणाल्या. वाळ्यांची गाठ हातानं सुटेना, तशा आत्यांनी झाडात तोंड घालून दोरा दातानं तोडला. झाड कलंडलं. एक काचेचा गोळा पडून फुटला. मॅडमच्या भावानं पुढे होऊन झाड धरलं, आणि त्यांनी धरलेल्या झाडाच्या बुंध्यावरून आत्या तोडे सोडवत राहिल्या. मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. आत्या, राहू द्या, मी काढते, असं मी हळूच म्हणत होते, पण माझे पाय हलत नव्हते.

सगळं पदरात घेऊन आत्या खाली बसल्या. एकेक दागिना तळहातावर तोलला. मग वाळे कानापाशी नेऊन वाजवले, घुंगरू बोटांनी चाचपले, पुन्हा चाचपले.

“ह्यातला एक घुंगरू न्हाय.”

हे मराठीतच होतं, त्याचा अर्थ मला कळला तसा साहेबांनाही कळला. मॅडमचा चेहरा लाल झाला. इथंच कुठंतरी पडला असेल, असं म्हणत त्या स्वतः गुडघ्यांवर बसल्या. मग सगळेच बसले. सोफा सरकवला, सतरंजी झटकली. साहेबांनी बूट घातलेले असतानाच ओणवं होऊन कपाटाखाली हात घातला. भावजयीनं डब्यातली ओली वाळू वर्तमानपत्रावर उपसून बोटांनी चाळली. मीही फरशीवरून हात फिरवत होते. माझ्या नवऱ्याचा साहेब माझ्या शेजारी ओणवा होता आणि मला वर बघायची हिंमत नव्हती.

आतून मॅडमकडे कामाला येणारी बाई आली. तिच्या हाताला पीठ होतं. सगळ्यांना जमिनीवर बघून तिनं काय झालं विचारलं. एका मुलीनं सांगितलं. ती बाई दारातच थांबली आणि म्हणाली,

“मी तर झाडाजवळ गेलीबी न्हाय.”

तिला कुणी काहीच म्हटलं नव्हतं. “अगं, तुला कोण म्हणतंय?” मॅडम घाईनं बोलल्या, पण ते बोलणंसुद्धा बरं वाटलं नाही. ती बाई तशीच पिठाचे हात पुढे धरून उभी राहिली.

मी आत्यांकडे बघितलं. त्या कामाच्या बाईकडे बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी वाळे पुन्हा बोटांत घेतले, घुंगरू जिथं असायचा तिथली रिकामी कडी चाचपली. ती कडी काळी होती. घासताना तिच्यात घुंगरू असता तर हलून हलून ती आतून उजळली असती, म्हणजे ती आधीपासूनच रिकामी होती. आत्यांची मान खाली गेली.

“न्हाय ओ. आदीपास्नंच न्हवता. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय.”

आत्यांना मी तोवर कधी शरमलेलं बघितलं नव्हतं. बोलताना त्या आडपडदा ठेवत नसत. गावात कुणाशीही भांडत, कुणाकडेही जाऊन बसत. त्या दिवशी त्या फरशीवर बसल्या त्या उठेचनात. साहेब उठून गुडघे झटकत “असू दे, असू दे” म्हणत आत गेले. मॅडम चहा टाका म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा गोड होता, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

चहा नको म्हणायचंही धैर्य आम्हाला झालं नाही. बशीत करंज्या, चकल्या आल्या. आमच्या दिवाळीसारखाच फराळ. आत्यांनी एक करंजी घेतली आणि न खाता पदरात बांधली. निघताना त्या साहेबांशी बोलल्या नाहीत, मॅडमशीही नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि त्या कामाच्या बाईला म्हणाल्या,

“बाय, माज्यापायी तुज्यावर बालंट आलं असतं. माफ कर.”

ती बाई “चालायचंच” म्हणाली आणि कढईकडे वळली.

एसटी स्टँडपर्यंत आत्या पदर सावरत पुढे चालल्या होत्या, मी मागून. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. गाडीला वेळ होता. सिमेंटच्या बाकावर बसल्यावर त्या आपणहून बोलल्या. सासरे गेल्यावर मेंढरं विकली, त्यात एक पाळलेली मेंढी होती, हाकेला येणारी. व्यापारी टेम्पोत चढवायला लागला तर ती चढेना. तेव्हा आत्यांनी वाळ्यातला एक घुंगरू काढून तिच्या गळ्यात बांधला आणि तिला स्वतः वर चढवलं. कुणी बघू नये म्हणून अंधारून आल्यावर बांधला होता, आणि मग स्वतःलाही त्याची आठवण येऊ दिली नव्हती.

“येड्यासारकं केलं तवा,” त्या म्हणाल्या. “आजबी केलं. त्याला सांगू नगं.”

त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. मी हो म्हणाले.

पण त्याला कारखान्यातच कळलं. साहेबांनी चारचौघांत हसून विचारलं होतं, काय, आईसाहेबांचे दागिने पूर्ण मिळाले ना? तो घरी आला तो दुपारचा डबा तसाच घेऊन. त्यानं विचारलं, आईला तिकडं कोण घेऊन गेलं? त्या एकट्याच निघाल्या होत्या, हे मी सांगू शकत होते. मी म्हणाले, मीच नेलं. मला वाटलं आणून टाकावं. तो ओरडला नाही. ‘तू शिकलेली आहेस, तुला कळायला पाहिजे होतं,’ एवढंच म्हणाला. पुढचे बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. घुंगराची गोष्ट मी त्याला सांगितली नाही.

मी आळ अंगावर घेतला हे आत्यांना संक्रांतीला कळलं, त्याच्याच तोंडून. त्याच्यासमोर त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर घरी पाहुणा आला तरी त्यांनी मला इंग्रजी वाचायला बाहेर बोलावलं नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. मला जपायला बोलावत नव्हत्या, की त्यांचाच माझ्या शिक्षणावरचा विश्वास उडाला होता? विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

पुढच्या डिसेंबरात शेजारीण निरोप घेऊन आली नाही. मॅडम स्वतः गाडीतून आमच्या खोलीवर आल्या. मी त्यांना खुर्ची दिली. त्या माझ्याशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. या वर्षी थीम लाल आहे. थीम म्हणजे झाडावरच्या सगळ्या वस्तू एकाच रंगाच्या. लाल रंगाचं काहीही चालेल, कागदाचं, कापडाचं, लोकरीचं. किमती काही आणू नका हं. आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं. मला समजलं, मी म्हणाले. मला समजलंय हे त्यांना पटावं म्हणून मी ते दोनदा म्हणाले.

बाजारातून पतंगाचा लाल कागद आणला, चांदण्या कापल्या, दोरे ओवले. रविवारी गेले. सगळ्यांच्या चांदण्यांत माझ्या चांदण्या मिसळून गेल्या, कोणत्या कुणाच्या ते ओळखूही येईना. कुणी हसलं नाही. गप्पा झाल्या, केक झाला. कामाला दुसरी बाई होती. आधीची कुठं गेली ते मी विचारलं नाही. निघताना शेजारीण माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

“यंदा छान जमलं बघा तुम्हाला.”

मी हसले. घरी आल्यावर नवऱ्यानं कसं झालं विचारलं. चांगलं झालं, म्हणाले, आणि भाकरीचं पीठ मळायला बसले.